ग्वाल्हेर: मैफलींच्या नगरीतील व्याख्याने

तानसेन समारोहाची ख्याती मैफलींमुळे असली, तरी त्याचा पारंपरिक आरंभ कथनाने होतो. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी कबर आहे. दर डिसेंबरात तेथे सनईवादनापाठोपाठ ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद होतो. देवळातील कीर्तन ऐकत वाढलेल्या गोमंतकीयाला हरिकथा परिचित. मिलादच्या शेजारी ती ऐकण्याचा योग मात्र विरळा. शिंदे संस्थानाच्या काळात 1924 मध्ये उरूस म्हणून सुरू झालेल्या या समारोहाने 2024 मध्ये शंभरावे पर्व साजरे केले.

समारोहाला जोडूनच 'वादी-संवादी' हे व्याख्यानसत्र भरते. रागातील प्रमुख स्वर वादी आणि त्याला साथ देणारा संवादी. या नावाला साजेशी तेथे कलावंत व अभ्यासक यांची सप्रयोग व्याख्याने होतात. त्यांची गरज या नगरीला विशेष आहे, कारण येथे इतिहास आणि आख्यायिका एकमेकींत पुरत्या गुंतलेल्या आहेत. हद्दू खाँ व हस्सू खाँ या बंधूंनी पडद्याआड लपून बडे महंमद खाँ यांची गायकी उचलली, ही कथा सांगणारे पुष्कळ. ती आख्यायिका आहे हे बजावणारे मोजकेच.

वास्तूंचेही तसेच. मानसिंह तोमर (1486–1516) याने मानमंदिर व गुजरी महाल उभारले आणि ध्रुपदाला आश्रय दिला, हे सर्वश्रुत आहे. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर, खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरातील इसवी सन 876 चा शिलालेख मात्र कोणी दाखविल्यावाचून नजरेत भरत नाही. देवाच्या बागेची लांबी 270 हात आणि नित्य 50 माळा, अशी ती साधी दाननोंद. त्या अंकांत आजच्यासारखे वर्तुळाकार शून्य आहे.

तिसरा पदर मराठी आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये राजधानी उज्जैनहून येथे आणली आणि त्यांच्या छावणीचेच पुढे 'लष्कर' हे शहर झाले. त्याआधी महादजींच्या पदरी बक्षी असलेले जिवबादादा केरकर हे पेडण्यातील केरीचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरात वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. ग्वाल्हेरातच कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये गायनशाळा काढली, तर भातखंड्यांच्या प्रेरणेने 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. मराठी साहित्य संमेलनाला पहिल्या महिला अध्यक्ष लाभल्या त्याही येथेच: 1961 मध्ये कुसुमावती देशपांडे.

युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला 'संगीतनगरी' म्हणून मान्यता दिली. त्या गौरवात तानसेनाचे नाव आपसूक येते. वासुदेवबुवांचे नाव सांगावे लागते, आणि ते कोण सांगणार हा प्रश्न लष्करातील मराठी कुटुंबांइतकाच महाराष्ट्र-गोव्यातील ग्वाल्हेर गायकीच्या श्रोत्यांचाही आहे.