देणाऱ्याची नियत आणि औषधाचा गुण

आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्ताने दुसऱ्याचा जीव वाचावा, ही कल्पना मनाला लगेच पटते. २०२० मध्ये ‘प्लाझ्मा हवा आहे’ असे संदेश रात्रंदिवस मोबाईलवर येत होते, ते आपल्याला आठवतच असेल. पण हीच कल्पना त्याआधी डासांमुळे होणाऱ्या एका आजारात तपासली गेली होती. मी भाषेचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. तरी तो इतिहास सर्वांना ठाऊक असावा असे मला वाटते.

वेस्ट नाईल हा विषाणू १९३७ मध्ये युगांडात सापडला. पक्ष्यांकडून डासांत आणि डासांकडून माणसांत तो येतो. बहुतेकांना काहीच होत नाही. मोजक्यांच्या मात्र मेंदूवर हल्ला होतो. १९९९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये पोहोचला आणि ७ जण दगावले. पुढच्याच वर्षी इस्रायलमध्ये मोठी साथ आली आणि ३५ जणांचा मृत्यू झाला. औषध नव्हतेच.

इस्रायलमध्ये हा विषाणू जुनाच होता. त्यामुळे तिथल्या रक्तदात्यांच्या प्लाझ्मात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज भरपूर होत्या. त्यापासून केलेले औषध रक्ताचा कर्करोग असलेल्या एका वृद्ध रुग्ण महिलेला दिले आणि तिची प्रकृती सुधारली. उंदरांवरही चांगला परिणाम दिसला. उमेद वाटणे साहजिक होते.

मग अमेरिकेत रीतसर चाचणी झाली. ६२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला इस्रायली प्लाझ्मापासूनचे औषध, दुसऱ्याला साध्या अमेरिकी प्लाझ्मापासूनचे, तिसऱ्याला नुसते सलाईन. कुणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि उपचार करणाऱ्यांनाही. निकाल? तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मरणाच्या दारातल्या माणसाला नुसते सलाईन देणे क्रूर नाही का? हा प्रश्न मलाही पडला. पण तो गट नसता, तर आपोआप बरा झालेला प्रत्येक रुग्ण औषधाच्या खात्यात जमा झाला असता. उंदरांना औषध विषाणू मेंदूत शिरण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला मिळाले होते. माणूस दवाखान्यात येतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण.

कोविडमध्ये आपल्या आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा तपासला. मृत्यू किंवा आजार बळावणे त्याने टळले नाही. तरीही नातेवाईक दात्यांच्या शोधात धावतच राहिले. मे २०२१ मध्ये ही पद्धत सरकारी मार्गदर्शक सूचनांतून वगळली गेली.

प्लाझ्मा देणाऱ्यांची नियत साफ होती. त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण देणाऱ्याची नियत कितीही चांगली असली, तरी औषधाचा गुण वेगळा तपासावा लागतो. रुग्णाच्या नातेवाइकांना धावायला लावण्याआधी एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.