'मी मेलो' हे वाक्य कोण बोलू शकतो?

मराठीच्या तासाला क्रियापदाची रूपं चालवून दाखवताना शिक्षक 'जाणे', 'येणे', 'खाणे' घेतात, 'मरणे' सहसा घेत नाहीत. व्याकरणाच्या दृष्टीने 'मी मेलो' या वाक्यात काहीच खोट नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, भूतकाळ आहे. अडचण एवढीच की हे वाक्य खरेपणाने बोलणारा माणूस सापडत नाही. आपण ते दमल्यावर बोलतो, घाबरल्यावर बोलतो, गणिताचा पेपर बघून बोलतो. उर्दूतला 'मरहूम' हा शब्दही तसाच. ज्याच्यावर रहम झाला तो मरहूम. पण तो शब्द नेहमी दुसऱ्यानेच लावायचा असतो, स्वतःच्या नावामागे कुणी लावत नाही.

हे वाक्य शब्दशः खरं ठरणारी पात्रं अमेरिकन कॉमिक्समध्ये मात्र आहेत. तिथे नायक मरतात, त्यांना पुरलं जातं, मित्र रडतात आणि काही वर्षांनी ते परत येतात. यामागे पुस्तकं खपवण्याचा हिशेब असतो हे उघड आहे. १९९२ साली सुपरमॅन मेला तेव्हा त्या अंकासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या, आणि १९९३ मध्ये तो परतही आला. परत आलेला स्वतःच्या मरणाबद्दल काय बोलतो, हा प्रश्न मात्र हिशेबापलीकडचा आहे. त्याचाही एक इतिहास आहे.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समुळे जो वेताळ पोहोचला, त्याच्यापासून सुरुवात करू. ली फॉक यांनी १९३६ साली त्याला जन्म दिला. जंगलातले लोक त्याला अमर समजतात. प्रत्यक्षात बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि आपल्याला माहीत असलेला वेताळ त्या घराण्यातला एकविसावा आहे. म्हणजे इथे मरण होतं, पण ते लपवलं जातं. त्याबद्दल बोलायचं नाही, हीच वेताळाची ताकद.

नंतरच्या पात्रांना बोलावं लागलं. एक्स-मेन मालिकेतली जीन ग्रे १९८० साली चंद्रावर मेली. फिनिक्स या रूपात तिने माणसांसारख्या जिवांनी भरलेला एक ग्रह नष्ट केला होता. इतक्या मोठ्या संहाराची शिक्षा झालीच पाहिजे, असा मुख्य संपादक जिम शूटर यांचा आग्रह होता, म्हणून कथेचा शेवट बदलून तिला मारण्यात आलं. १९८६ साली तिला परत आणायचं ठरलं तेव्हा त्या पापाचं काय करायचं हा पेच पडला. तोडगा असा निघाला की मेलेली ती जीन नव्हतीच. एका वैश्विक शक्तीने तिचं रूप घेतलं होतं, आणि खरी जीन तोवर न्यूयॉर्कच्या जमैका बेच्या तळाशी एका कोषात झोपली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'ती मी नव्हेच'. बिचारी परतली तेव्हा सगळे तिच्यासाठी रडून मोकळे झालेले होते, आणि जे घडलं ते तिला इतरांकडून ऐकावं लागलं.

सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट जेसन टॉडची आहे. बॅटमॅनचा हा दुसरा रॉबिन वाचकांना फारसा आवडत नव्हता. १९८८ साली संपादक डेनिस ओ'नील यांनी त्याचं भवितव्य वाचकांवरच सोपवलं. जोकर या मुलाला लोखंडी पहारीने मारतो, पुढे बॉम्ब फुटतो आणि अंक तिथेच संपतो. आता तो जगावा की मरावा? दोन फोन नंबर दिले होते. ५,३४३ मतं मरणाच्या बाजूने पडली, ५,२७१ जगण्याच्या. ७२ मतांनी एक पोरगा मेला. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे वॉर्ड इतक्या फरकाने जातात.

पुढे जवळजवळ सतरा वर्षं जेसन मेलेलाच राहिला. बॅटमॅनच्या गुहेत त्याचा पोशाख काचेच्या कपाटात उभा होता. तो पोशाख बॅटमॅनसाठी अपराधाची आठवण होता आणि नव्या रॉबिनसाठी धडा. जिवंत माणसांनी त्या मरणाचा अर्थ ठरवून टाकला होता.

२००५ साली लेखक जड विनिक यांनी जेसनला परत आणलं. तो शवपेटी फोडून, माती उकरून बाहेर आलेला आहे. त्याने नाव घेतलंय रेड हूड, जे पूर्वी जोकर वापरत असे. अखेर बॅटमॅन समोर येतो. मला वाचवायला तू वेळेवर पोहोचला नाहीस, अशी तक्रार जेसन करेल असं बॅटमॅनला वाटतं. पण ते जेसनने केव्हाच माफ केलेलं असतं. त्याचा प्रश्न वेगळाच आहे: मला मारणारा अजून जिवंत कसा? गावातले सगळे गुन्हेगार मार, असं तो म्हणत नाही. तो एकाच माणसाबद्दल विचारतो. बॅटमॅनचं उत्तर असं की एकदा त्या वाटेला लागलो तर मागे फिरता येणार नाही.

वाचताना आपण कुणाच्या बाजूने आहोत हे चटकन सांगता येत नाही. बॅटमॅनचा नियम योग्य आहे असं मी मानतो, कारण बदल्याला तळ नसतो. खुद्द जेसननेही तोवर कितीतरी माणसं मारलेली असतात. पण हा नियम पाळण्याची किंमत कुणी मोजली, हे सांगणारा समोर उभा असतो तेव्हा नियमाचं वजन बदलतं. उर्दूत 'शहादत'चे दोन अर्थ आहेत: बलिदान आणि गवाही. एरवी या दोन गोष्टी एका माणसाला करता येत नाहीत. जेसनला त्या करता आल्या.

गंमत अशी की जेसनने चुकीच्या माणसाला जाब विचारला. कथेतल्या जेसनला फोन नंबरांची खबर नाही. ५,३४३ वेळा कुणीतरी पैसे मोजून फोन फिरवला होता, आणि त्याचा खरा प्रश्न त्यांना होता.

त्याच २००५ साली कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी हाही परतला. तो स्वतःच्या मरणाबद्दल फारसं बोलत नाही, कारण मधल्या काळात शत्रूने त्याची स्मृती पुसून त्याच्याकडून खून करवून घेतलेले असतात. त्याला झोप येत नाही ती त्या दुसऱ्यांच्या मरणांमुळे. २०१९ पासून काही वर्षं तर एक्स-मेनच्या जगात पुन्हा जन्मणं नित्याचं झालं होतं. नवं शरीर तयार करायचं आणि साठवलेलं मन त्यात भरायचं. पण मन साठवल्यानंतरचं काही आठवत नसे. आपण कसे मेलो, हे दुसऱ्याने सांगावं लागे. मरण स्वस्त झालं आणि मरणाऱ्याची गवाहीही गेली.

२००५ पर्यंत चाहत्यांत एक म्हण होती की कॉमिक्समध्ये बकी, जेसन आणि स्पायडरमॅनचे अंकल बेन सोडून कुणीच कायमचं मरत नाही. आता त्यातले अंकल बेन तेवढे उरले. ताकद आणि जबाबदारी यांची सांगड घालणारं त्यांचं प्रसिद्ध वाक्य आज पोरंही म्हणतात. १९६२ च्या मूळ कथेत मात्र ते वाक्य अंकल बेन बोलतच नाहीत. शेवटच्या चौकटीत ते निवेदकाचं आहे. ते त्यांच्या तोंडी पुढे घालण्यात आलं.

आपल्याकडच्या शोकसभा आठवून बघा. 'मरहूम असते तर म्हणाले असते' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य ऐकलं की मला अंकल बेन आठवतात. कुणी मेलेल्याच्या नावाने माफी जाहीर करतो, कुणी त्याच्याच नावाने बदला मागतो, आणि समोरचे लोक माना डोलावतात. जेसनसारखा मधेच उठून 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं सांगणारा तिथे कुणी नसतो.