लुत्सर्न
लुत्सर्न हे मध्य स्वित्झर्लंडमधील एक शहर असून त्याच नावाच्या कँटनची राजधानी आहे. लुत्सर्न सरोवरातून रॉइस नदी जेथे बाहेर पडते तेथे ते वसले आहे. झ्युरिकहून रेल्वेने सुमारे तासाभरात येथे पोहोचता येते. रेल्वे स्थानक, बोटींचा धक्का व जुने शहर जवळजवळ असल्याने एक-दोन दिवसांच्या सहलीत बहुतेक स्थळे पायीच पाहता येतात.

१४ व्या शतकातील कापेलब्रुक हा छप्पर असलेला लाकडी पूल शहराची ओळख मानला जातो. ऑगस्ट १९९३ मधील आगीत त्याचा बराचसा भाग जळाला. १९९४ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. छताखालील १७ व्या शतकातील बहुतेक त्रिकोणी चित्रे मात्र कायमची नष्ट झाली. त्या काळातील चित्रे प्रवाहाच्या दिशेने थोड्या अंतरावरील श्प्रॉयरब्रुक पुलावरही पाहता येतात. कास्पार मेग्लिंगर याची मृत्युनृत्याची चित्रमालिका तेथे आहे. घाईच्या सहलीतही हा पूल वगळू नये इतका तो महत्त्वाचा आहे.

१७९२ मध्ये पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांचे स्मारक म्हणून खडकात कोरलेला मरणासन्न सिंह १८२१ पासून येथे आहे.

जवळच्या पर्वतांपैकी रिगीवर १८७१ पासून, तर पिलाटसवर १८८९ पासून दातेरी रुळावरील रेल्वे जाते. पिलाटसच्या मार्गाचा कमाल चढ ४८ टक्के असून तो हिवाळ्यात बंद असतो. शिखरे अनेकदा ढगांत असतात. त्यामुळे पर्वतावर जाण्याचा दिवस सकाळचे आकाश पाहूनच ठरवणे सोयीचे ठरते.