मुडदूस आणि सूर्यप्रकाश

ज्या वस्तूस पैसा पडत नाहीं, तिची टंचाई समाजास कधीं भासणार नाहीं, असा सर्वसाधारण समज असतो. अशा वस्तूंत सूर्यप्रकाश पहिला. राजवाड्याला आणि झोपडीला तो सारख्याच मापानें मिळतो, असें म्हणतात. परंतु मुडदूस या बालरोगाचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं. ऊन सर्वांवर पडत असलें, तरी तें अंगापर्यंत पोंचूं द्यावयाचें कीं नाहीं, हें माणसांनीं बांधलेल्या भिंती, गिरण्यांचा धूर आणि समाजाच्या चालीरीती ठरवितात.

मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडांत चुन्याचा अंश नीट बसत नाहीं, व तीं मऊ राहतात. टाळू वेळेवर भरत नाहीं, मनगटें जाड दिसतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गांठी येतात, आणि मूल चालूं लागलें म्हणजे पाय धनुष्यासारखे वाकतात. मुलगी असेल तर हा रोग तिच्या कटीच्या हाडांत आपली खूण ठेवून जातो. पुढें वीस वर्षांनीं तिचें बाळंतपण अडे, आणि शस्त्रक्रिया सुरक्षित होण्यापूर्वींच्या काळांत पुष्कळदां आई व मूल दोघेंहि दगावत. डॅनियल व्हिस्लर यानें १६४५ मध्यें व फ्रान्सिस ग्लिसन यानें १६५० मध्यें या रोगाचें सविस्तर वर्णन लिहिलें. पुढें दगडी कोळशाचें युग आलें, चिंचोळ्या गल्ल्यांवर धुराचें छत पसरलें, आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या औद्योगिक शहरांतून वांकड्या पायांचीं मुलें हें नित्याचें दृश्य झालें.

१८८९ मध्यें ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें या रोगाच्या प्रसाराचे नकाशे तयार केले. मोठीं शहरें व खाणी-कारखान्यांचा मुलूख रोगग्रस्त आणि खेडीं बहुतेक मोकळीं, असें त्यांत दिसून आलें. थिओबाल्ड पाम या वैद्यकीय मिशनऱ्यानें जपानांत कांहीं वर्षें काम केलें होतें. तेथें मुडदूस त्याच्या पाहण्यांत जवळ जवळ आला नव्हता. मायदेशीं परतल्यावर तो पदोपदीं दिसूं लागला. पाम यानें दूरदूरच्या देशांतील मिशनऱ्यांस पत्रें पाठवून माहिती जमविली, आणि १८९० मध्यें असा निष्कर्ष मांडला कीं, या रोगाचें मुख्य कारण सूर्यप्रकाशाचा अभाव हें आहे. उपाय फुकटचा होता. कदाचित् म्हणूनच त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हा प्रश्न पुन्हा पुढें आला, तो दोन पक्ष घेऊन. लंडनमध्यें एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्याच्या पिलांस घरांत कोंडून निःसत्त्व आहारावर ठेवलें. पिलांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या यकृताचें तेल दिलें असतां तो टळला. दोष आहाराचा, असें त्यांचें अनुमान. त्याच सुमारास, १९१९ मध्यें, बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं आजारी मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे जंबुपार किरण, म्हणजे सूर्यप्रकाशांतील डोळ्यांना न दिसणारे किरण, सोडले. एकाच हातावर किरण पाडले तरी दोन्ही हातांचीं हाडें भरून येत. त्वचेंत कांहीं तरी निर्माण होऊन तें सर्व शरीरांत पसरतें, हें उघड झालें.

या वादांत एक साक्ष मुंबई इलाख्यांतून गेली, हें महाराष्ट्रांत फारसें कोणास ठाऊक नाहीं. हचिसन व शाह या दोन डॉक्टरांनीं नाशिक येथें पाहणी करून १९२२ मध्यें ती प्रसिद्ध केली. उन्हाची मुबलकता असलेल्या या गांवांत मुडदूस होता; पण तो गरिबांच्या वस्तींत नव्हे. गोषा पाळणाऱ्या सधन मुसलमान व हिंदु घराण्यांत तो आढळला. त्या घरांत दूधतुपाची वाण नव्हती. परंतु स्त्रिया व तान्हीं बाळें माजघराच्या अंधारांत राहत. उलट मोलमजुरी करणाऱ्या बाया आपलीं मुलें बरोबर घेऊन दिवसभर उघड्यावर राबत. त्यांचें अन्न निकृष्ट. तरीहि त्यांच्या मुलांचीं हाडें बळकट होतीं. पैशानें दूध विकत घेतां आलें, पण अंगण मिळालें नाहीं.

दोन्ही पक्षांचा समेट व्हिएन्ना शहरांत झाला. युद्धानंतरच्या उपासमारीनें तेथील मुलें खंगलीं होतीं. हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं १९१९ ते १९२२ या काळांत पिर्के यांच्या बालरुग्णालयांत काम केलें. पिर्के यांचा आहारवादावर विश्वास नव्हता. तरी त्यांनीं प्रयोगास मोकळीक दिली. उन्हाळ्यांत बाहेर उन्हांत ठेवलेल्या मुलांस आहार कोणताहि असला तरी मुडदूस होत नाहीं. हिवाळ्यांत मात्र कॉडचें तेल मिळालेलीं मुलेंच सुरक्षित राहतात, असें आढळलें. म्हणजे ऊन व तेल हे एकाच घराचे दोन दरवाजे होते. त्या घरांतील वस्तूस ड जीवनसत्त्व हें नांव मिळालें, आणि तिच्याशीं संबंधित संशोधनाबद्दल आडोल्फ विंडाउस यांस १९२८ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आतां प्रश्न शास्त्राचा न राहतां राज्यकारभाराचा झाला. ब्रिटनमध्यें ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचें ऊन इतकें तिरपें पडतें कीं, त्यानें त्वचेंत हें सत्त्व पुरेसें तयार होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० पासून, तेथील सरकारनें मार्गारिनमध्यें ड जीवनसत्त्व मिसळणें सक्तीचें केलें, आणि १९४१ पासून बालकांस कॉडचें तेल पुरविण्याची योजना सुरू केली. मुडदूस झपाट्यानें हटला. मात्र अति तेथें माती हा नियम येथेंहि लागू पडला. दूध, पिठें व तेल या सर्वांतून हें सत्त्व जाऊं लागल्यावर १९५० नंतरच्या दशकांत कांहीं अर्भकांच्या रक्तांतील कॅल्शियम घातक प्रमाणांत वाढलेलें आढळलें, आणि १९५७ मध्यें मात्रा कमी करावी लागली.

रोग संपला असें वाटत असतांच, १९६२ मध्यें डनिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्लासगो शहरांतील पाकिस्तानी वस्तींत वाढत्या वयाच्या मुलांना मुडदूस व प्रौढांस हाडें मऊ पडण्याचा विकार असल्याचें दाखविलें. धोरण आंखणाऱ्यांनीं मार्गारिनचा विचार केला होता, चपातीचा नव्हे. उत्तरेकडील फिकें ऊन, तें मंद गतीनें वापरणारी सांवळी त्वचा, अंगभर वस्त्रें आणि घरांत राहण्याची रीत, हीं सर्व कारणें एकत्र आलीं. नाशिकचा धडा ग्लासगोस चाळीस वर्षांनीं पुन्हा गिरवावा लागला. १९७९ मध्यें तेथें या मुलांस जीवनसत्त्वाचे थेंब विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला, आणि रुग्णालयांत येणाऱ्या रोग्यांची संख्या उतरली.

भारतांत २०१८ मध्यें दूध व खाद्यतेल यांत ड जीवनसत्त्व घालण्याचीं मानकें ठरविण्यांत आलीं. तीं उपयुक्त आहेत. परंतु विकतचें दूध व तेल ज्या घरीं जातें, त्याच घरीं त्यांचा गुण पोंचणार. बाळास सकाळचें कोवळें ऊन द्यावें हा आपल्याकडील जुना परिपाठ हितबुद्धीचा खरा. पण हाडांस उपयोगी पडणारे किरण त्या वेळीं थोडेच असतात, आणि खिडकीच्या कांचेंतून तर ते जवळ जवळ येतच नाहींत. सूर्य वर आल्यावर हातपाय थोडा वेळच उघडे राहिले तरी अधिक लाभ होतो. त्वचा पोळेपर्यंत बसण्याचें कारण नाहीं.

नाशिक, व्हिएन्ना आणि ग्लासगो या तिन्ही गांवांची साक्ष एकच आहे. औषध सांपडल्यानें रोग जात नाहीं. तें कोणत्या उंबरठ्यावर अडतें हें पाहिल्यानें जातो. आरोग्यखात्यानें थेंब वाटावेत, दुधांत सत्त्व मिसळावें, आणि त्याबरोबरच शाळेस पटांगण, चाळीस अंगण व स्त्रियांस निर्धास्तपणें उघड्यावर वावरण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, याचीहि मोजदाद ठेवावी. मुलांच्या हाडांचा तो खराखुरा हिशेब आहे.