झाशीहून मऊरानीपूरकडे

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो आणि किल्ल्यापलीकडचा मुलूख दिसेनासा होतो. परंतु नेवाळकरांचे राज्य केवळ तटबुरुजांवर उभे नव्हते. पूर्वेकडे पसरलेली शेते, तळी आणि पेठा त्या राज्याला पोशीत होत्या. त्यांची ओळख व्हावयाची तर झाशीहून मऊरानीपूरला जाणारा सुमारे ६५ किलोमीटरांचा रस्ता धरावा.

शहर मागे पडताच बेतवा नदी ओलांडावी लागते. तिच्या पात्रातले ग्रॅनाइटचे काळेकभिन्न खडक पाहिले की या भूमीचा स्वभाव कळतो. खडकाच्या या पठारावर गारगोटीच्या लांबच लांब टेकड्या भिंतींसारख्या उभ्या आहेत. दोन टेकड्यांमधली खिंड बांधाने अडवावी आणि पाणी साठवावे, ही बुंदेलखंडाची जुनी विद्या. बरुआसागरचा विस्तीर्ण तलाव असाच बांधामागे साठलेला आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरछ्याचा राजा उदोतसिंह याने तो करविला. गावाच्या अलीकडे जराईचा मठ लागतो. नाव मठ, पण आहे ते प्रतिहारकालीन, नवव्या शतकातले देवालय. त्याच्या द्वारशाखेवरील कोरीवकाम पाहण्यास थोडा वेळ अवश्य काढावा.

१८५८ च्या मार्चअखेर तात्या टोपे यांची फौज वेढ्यात सापडलेल्या झाशीच्या मदतीसाठी याच बाजूने आली. १ एप्रिलला बेतवेकाठी तिचा मोड झाला, आणि झाशीची आशा मावळली.

पुढे रस्ता मध्य प्रदेशातील निवाडी जिल्ह्यात शिरतो आणि पुन्हा उत्तर प्रदेशात येतो. निवाडी जिल्हा २०१८ सालचा. पण सीमेचे हे वेडेवाकडे वळण जुन्या ओरछा संस्थानाचा वारसा आहे. जमिनीचा रंगही पालटत जातो. तांबड्या, खडकाळ मातीला येथे ‘राकड’ म्हणतात आणि काळीला ‘मार’. ही मार पाहून वऱ्हाडच्या शेतकऱ्याला आपलेच रान आठवेल.

मऊ आणि राणीपूर ही मुळात दोन निराळी गावे. मऊ हे एक साधे खेडे होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पावात छत्रपूरच्या राजाच्या जुलमाला कंटाळून तेथील व्यापारी बाहेर पडले. झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांनी त्यांना आश्रय दिला, आणि सुखनई नदीकाठच्या या खेड्याची पेठ झाली. उत्तरेतील मराठ्यांच्या इतिहासात चौथाई आणि लढाया यांचेच वर्णन फार. पळून आलेल्या सावकारांना निर्भय केल्याने एक नगर वसते, ही गोष्ट बखरकारांना लिहिण्याजोगी वाटत नसावी!

या पेठेचे वैभव म्हणजे ‘खारुआ’ हे जाडेभरडे तांबडे कापड. आपल्याकडे खारवा म्हणतात तेच हे. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना त्याची वेष्टने असत. त्याचा रंग आलाच्या मुळ्यांतून निघे. आल म्हणजे महाराष्ट्रातील बारतोंडीच्या जातीचे झाड. ते उत्तम काळ्या जमिनीत पेरून सुमारे तीन वर्षांनी खोल खणून मुळ्या काढीत. या खणण्याचा आणखी एक लाभ होता. कांस नावाचे चिवट गवत बुंदेलखंडातील शेतीचे हाडवैरी. त्याची मुळे नांगराला दाद देत नाहीत. आलासाठी जमीन खणली की कांसही उखडला जाई.

१८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी अलिझरीन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला. थोड्याच वर्षांत तो स्वस्त रंग हिंदुस्थानच्या बाजारात आला. मऊच्या रंगाऱ्याचा धंदा बसला, आणि आलाची लागवड सुटली तसा जमीन खोल खणण्याचा परिपाठही सुटला. जर्मनीतील एका शोधाचा भार बुंदेलखंडी शेतकऱ्याच्या नांगरावर असा पडला.

१८५७ च्या धामधुमीत ओरछ्याच्या फौजेने मऊरानीपूर बळकावले होते. झाशीवर चालून येण्यापूर्वी शत्रूने प्रथम ही पेठ धरावी, यावरून तिचे मोल कळते. आता तेथे खारुआचा व्यापार उरलेला नाही. राणीपुरात माग मात्र चालू आहेत, आणि जवळच रौनीच्या टेकडीवर केदारेश्वराच्या दर्शनाला लोक पायऱ्या चढून जातात. वरून पाहिले तर तांबड्या आणि काळ्या जमिनीचे पट्टे दूरवर एकमेकांत मिसळलेले दिसतात.