उसना घेतलेला पडदा : टर्मिनल, त्याचे मोड आणि 'व्हीआय' एडिटरचा इतिहास (धागा)

१/
गेल्या महिन्यात मोडी पत्रांचे देवनागरी लिप्यंतर एका दूरच्या सर्व्हरवर टंकत होते. एडिटर अडकला असे वाटून मी दुसऱ्या खिडकीतून तो सक्तीने बंद केला. त्यानंतर अर्धवट मजकूर पडद्यावर तसाच गोठून राहिला. क्लिक केले की आकडे आणि अर्धविराम यांची रांग उमटे. आधीच्या आज्ञा कोठेच दिसेनात. दोन तासांचे काम बुडाले या समजुतीने मी हातपाय गाळून बसले.

शेवटी एका ज्येष्ठ मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "घाबरू नकोस गं. 'रीसेट' असं टाइप कर आणि एंटर दाब." पडदा क्षणात पूर्ववत झाला. कामही एडिटरच्या तात्पुरत्या फाइलीत शाबूत होते.

२/
मग बिघडले काय होते? खरे तर काहीच नाही. एडिटरने माझा पडदा काही वेळापुरता उसना घेतला होता, त्याची रीतभात बदलली होती आणि तो परत करण्याआधीच मी त्याला ठार केले होते.

पडदा उसना घेणे आणि जसा होता तसा परत करणे, या दोन क्रियांमागे मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

३/
प्रारंभ पडद्यापासून होत नाही, कागदापासून होतो. १९६३ साली बाजारात आलेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र डोळ्यांसमोर आणा. जुन्या वृत्तपत्र कचेऱ्यांत खडखडत बातम्या छापणाऱ्या टेलिप्रिंटरचे हे भावंड. वेग सेकंदाला १० अक्षरे. संगणकाशी होणारे सारे संभाषण कागदाच्या गुंडाळीवर छापले जाई. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, तो 'टेलिटाइप' या शब्दाचाच संक्षेप.

४/
१९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी 'एड' हा एडिटर लिहिला. तो कागदाच्या जगातला होता. ओळ पाहायची असेल तर छापण्याची आज्ञा द्यावी लागे. चूक झाली तर तो केवळ एक प्रश्नचिन्ह छापी. हा रुक्षपणा नव्हे, काटकसर होय. सेकंदाला १० अक्षरे छापणाऱ्या यंत्रावर लांबलचक चूकसंदेश म्हणजे वापरणाऱ्याला ताटकळत ठेवणे.

५/
त्या काळच्या टर्मिनलची नेहमीची अवस्था म्हणजे 'कुक्ड', अर्थात शिजवलेला मोड. आपण टंकलेले अक्षर थेट प्रोग्रामकडे जात नसे. युनिक्सच्या गाभ्यातील ड्रायव्हर संपूर्ण ओळ गोळा करी, दुरुस्त्या लागू करी आणि रिटर्न दाबल्यावर तयार ओळ प्रोग्रामच्या पानात वाढी.

कागदावरचे अक्षर खोडता येत नाही. म्हणून आरंभीच्या युनिक्समध्ये '#' टंकले की मागचे अक्षर रद्द समजले जाई, '@' टंकले की सबंध ओळ रद्द. चूक कागदावर दिसतच राही. ती मोजायची नाही, असा केवळ करार होता.

६/
मग काचेचे पडदे आले. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलुरिस यांनी १९७६ मध्ये 'एड'मध्ये फेरफार करून 'एम' हा एडिटर घडवला. नावाचा अर्थ 'मर्त्य मानवांसाठी एडिटर'. 'एड' वापरणे हे अमरांचेच काम, ही त्यातली कोपरखळी.

'एम'मध्ये ओळ पडद्यावर दिसत असतानाच दुरुस्त करता येई. त्यासाठी ओळ पूर्ण होण्याची वाट पाहून चालणार नव्हते. प्रत्येक कळ दाबताक्षणी प्रोग्रामला कळायला हवी होती. म्हणून त्याने टर्मिनल 'रॉ', म्हणजे कच्च्या मोडमध्ये टाकले. या मोडचा भरपूर वापर करणाऱ्या युनिक्सवरील पहिल्या काही प्रोग्रामांत 'एम'ची गणना होते.

७/
ही सोय फुकट नव्हती. एकाच संगणकावर अनेकांची कामे चालत. शिजवलेल्या मोडमध्ये प्रोग्राम ओळीगणिक एकदा जागा होई, कच्च्या मोडमध्ये तो कळीगणिक जागा करावा लागे. एकाची सोय म्हणजे इतरांच्या वेळेत वाटा मागणे होते.

कुलुरिस यांच्या आठवणीनुसार, त्यांनी 'एम' दाखवला तेव्हा थॉम्प्सन यांनी आपल्याला अशा एडिटरची गरज वाटत नाही असे सांगितले. संपादन करताना फाइलीची स्थिती डोळ्यांसमोर असावी, ही अपेक्षाच त्यांना नव्हती. याला हटवादीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु कागदावर घडलेल्या पिढीला मजकूर डोक्यात धरून ठेवण्याची सवय होती, हे ध्यानात घ्यायला हवे.

८/
१९७६ च्या उन्हाळ्यात कुलुरिस 'एम' घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात गेले. तेथे बिल जॉय नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी होता. वय अवघे २१. त्याने आणि चक हेली याने 'एम'च्या आधारे 'एन' रचला आणि तो वाढवून 'एक्स' तयार केला. 'एक्स'चा संपूर्ण पडदा वापरणारा जो मोड, त्याचेच नाव 'व्हिज्युअल', संक्षेपाने 'व्हीआय'. मे १९७९ च्या दुसऱ्या बर्कली सॉफ्टवेअर वितरणातून तो सर्वत्र पोहोचला.

९/
जॉयसमोर असलेले टर्मिनल होते लिअर सीगलर कंपनीचे 'एडीएम-३ए'. २४ ओळी, ८० स्तंभ. बाणांच्या स्वतंत्र कळा नाहीत. बाण छापलेले होते एच, जे, के आणि एल या अक्षरांवर. एस्केपची कळ आज जेथे टॅब असते तेथे, म्हणजे करंगळीच्या टप्प्यात.

व्हीआय शिकणारा आजचा विद्यार्थी विचारतो, कर्सर हलवायला हीच चार अक्षरे का? आणि सारखे एस्केप का दाबायचे, ती कळ तर इतकी दूर आहे! उत्तर त्या कळफलकावर आहे. कळा बदलल्या, सवय उरली.

१०/
दुसरी टंचाई वेगाची. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. आता हिशेब करा. २४ गुणिले ८० म्हणजे १९२० अक्षरे. पडदा एकदा पूर्ण भरायला ६४ सेकंद! एका आज्ञेनंतर मिनिटभर पाहत बसायचे.

म्हणून व्हीआय आधी जोडणीचा वेग पाही. वेग मंद असेल तर केवळ ८ ओळींची खिडकी, १२०० बॉडला १६ ओळी आणि त्याहून जलद असेल तरच पूर्ण पडदा.

११/
याच काटकसरीची आणखी दोन चिन्हे. मंद आणि साध्या टर्मिनलवर ओळ काढून टाकली, तर व्हीआय खालचा सारा मजकूर वर सरकवत नसे. त्या जागी '@' ठेवून पुढे जाई. शब्द बदलायला घेतला, तर जुना शब्द लगेच पुसत नसे. त्याच्या शेवटच्या अक्षरावर '$' ठेवून हद्द दाखवी आणि नवी अक्षरे जुन्यांवर लिहू देई.

एमआयटीतील ईमॅक्सकार प्रयोगशाळेत जलद जोडणीवर बसून काम करत होते आणि आपण मोडेमवर, हा फरक जॉयने पुढे स्वतःच मुलाखतीत सांगितला आहे. दोन एडिटरांच्या स्वभावांतील अंतर असे तारेच्या वेगातूनही आले.

१२/
परंतु खरी अडचण निराळीच होती. प्रत्येक कंपनीचे टर्मिनल आपली वेगळी भाषा बोले. कर्सर अमुक ओळीत, तमुक स्तंभात न्यायचा, तर एडीएम-३एला एस्केप, मग बरोबरचे चिन्ह, मग ओळ आणि स्तंभ यांच्या आकड्यांत प्रत्येकी ३२ मिळवून येणारी दोन अक्षरे पाठवावी लागत. डेक कंपनीच्या व्हीटी-५२ला बरोबरच्या चिन्हाऐवजी वाय हे अक्षर लागे. १९७८ च्या व्हीटी-१००ला चौकटी कंस आणि साधे दशमान आकडे.

विद्यापीठात ज्याच्या वाट्याला जे टर्मिनल येईल त्यावर त्याने काम करायचे. मग एडिटर कोणासाठी लिहायचा?

१३/
जॉयचे उत्तर होते 'टर्मकॅप'. टर्मिनलचे ज्ञान एडिटरच्या पोटात न ठेवता एका साध्या मजकूर फाइलीत नोंदवायचे. प्रत्येक यंत्राची एक नोंद, प्रत्येक क्षमतेला दोन अक्षरी नाव. 'सीएल' म्हणजे पडदा पुसणे, 'सीएम' म्हणजे कर्सर हलवणे, 'एलआय' म्हणजे ओळींची संख्या.

नवे टर्मिनल आले तर एडिटर पुन्हा लिहायची गरज नाही. फाइलीत एक नोंद वाढवली की पुरे. ही नोंद कोणताही जाणकार वापरकर्ता स्वतः लिहू शकत असे. माझ्या मते या संपूर्ण कथेतील सर्वांत लोकशाही निर्णय हाच. महाग यंत्र विकत घ्या, असे न म्हणता जॉयने एडिटरलाच हरएक यंत्राची भाषा शिकण्याची सोय करून दिली.

ज्यांच्याकडे काचेचा पडदाच नव्हता, तेही वगळले गेले नाहीत. त्यांच्यासाठी 'ओपन' मोड होता. त्यात व्हीआयच्याच आज्ञा एका ओळीच्या खिडकीत चालत.

१४/
आता उसनवारीकडे येऊ. टर्मकॅपमध्ये 'टीआय' आणि 'टीई' अशी एक जोडी आहे. पहिली पूर्ण पडद्याचा प्रोग्राम सुरू होताना पाठवायची, दुसरी संपताना. 'कॉन्सेप्ट' टर्मिनलसारख्या काही यंत्रांत एकापेक्षा अधिक पानांची स्मृती असे. तेथे आधी पडद्याएवढी खिडकी निश्चित केल्याविना कर्सर योग्य जागी जात नसे. त्या तांत्रिक गरजेतून ही जोडी जन्मली. पण तिच्यात एक नियम वसला : घेताना सांगून घ्या, परत करताना सांगून परत करा.

१५/
हा नियम मोडला तर काय होई? कच्च्या मोडमध्ये एडिटर कोसळला की टंकलेले अक्षर दिसत नसे. छापलेल्या ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जात. एंटरही चालत नसे, कारण त्या कळीचे 'ओळ संपली' या चिन्हात रूपांतर करणारा ड्रायव्हर बाजूला सारलेला असे. जाणते लोक न दिसणाऱ्या पडद्यावर 'एसटीटीवाय सेन' ही आज्ञा टंकत आणि एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबत. 'सेन' म्हणजे शहाणा. टर्मिनलला शुद्धीवर आणणारी आज्ञा.

१९८० च्या चौथ्या बर्कली वितरणात चालू प्रोग्राम कंट्रोल-झेडने थांबवून ठेवण्याची सोय आली. तेव्हापासून एडिटरला मध्येच पडदा परत करायचा, आणि वापरकर्ता परतल्यावर तो पुन्हा उसना घेऊन सर्व मजकूर नव्याने रेखाटायचा, हेही शिकावे लागले.

१६/
जॉयचे हे काम एका एडिटरपुरते राहिले नाही. कर्सर कमीत कमी अक्षरांत हलवण्याची व्हीआयमधील युक्ती केन आर्नल्ड यांनी 'कर्सेस' या ग्रंथालयासाठी घेतली. व्हीआयची पुढची देखभाल करणाऱ्या मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी बेल लॅब्समध्ये टर्मकॅपचा वारसदार 'टर्मइन्फो' घडवला.

१७/
१९८४ साली एमआयटीत 'एक्सटर्म' जन्मला. तो टर्मिनलचे सोंग घेणारा प्रोग्राम. यंत्र गेले, सोंग उरले. त्यात एक जादा पडदा होता. एडिटर सुरू झाला की तो या दुसऱ्या पडद्यावर जाई, संपला की पहिला पडदा जसाच्या तसा समोर येई. त्याचा मूळ संकेतांक ४७. पुढे १०४९ हा संकेत आला : कर्सरची जागा जपून ठेवा, दुसऱ्या पडद्यावर जा, तो पुसा.

सर्वांना हे रुचले नाही. माहितीपान वाचून बंद केले की वाचलेली आज्ञाही डोळ्यांसमोरून नाहीशी होई, अशी तक्रार होती. म्हणून एक्सटर्ममध्ये हा पालट रोखण्याची सोयही आहे. परतफेड कोठवर करायची, यावरचा तो वाद आजही मिटलेला नाही.

१८/
१९९१ साली ब्राम मोलेनार यांचा 'व्हिम' आला, तोही या वारशासह. आज आपण बाण दाबतो तेव्हा टर्मिनल एस्केपने सुरू होणारी तीन अक्षरे पाठवते. वापरकर्त्याने खरोखर एस्केप दाबला की ही बाणाची सुरुवात आहे? एडिटरला ते कळत नाही. तो क्षणभर थांबतो आणि पुढचे अक्षर येते का ते पाहतो. एस्केप दाबल्यावर कधी कधी जाणवणारा तो किंचित विलंब म्हणजे १९७० च्या दशकाशी चाललेली आपली बोलणी आहेत.

१९/
मोडीची वळणे चमत्कारिक वाटतात, ती बोरू न उचलता झरझर लिहिणारा हात लक्षात येईपर्यंतच. एच-जे-के-एल, '@', ८ ओळींची खिडकी यांचेही तसेच आहे. विक्षिप्त वाटणाऱ्या प्रत्येक खुणेमागे कोणाची तरी टंचाई आणि तिच्यावर शोधलेला तोडगा असतो. दप्तर केवळ रुमालात बांधलेले नसते, ते चालू प्रोग्रामातही असते.

आणि एक साधा धडा. ज्या प्रोग्रामाला आपण मध्येच मारतो, त्याच्याकडे आपली एखादी वस्तू उसनी असू शकते. आधी ती परत करायला त्याला सवड द्यावी. मी आता देते.

धागा समाप्त. तुमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी एखादी जुनी खूण आढळली असेल तर खाली अवश्य लिहा.