बसऱ्यास गेलेल्या पूर्वजाचा माग

सातारा, रत्नागिरी व सावंतवाडी या भागांतील अनेक घरांत एखाद्या पणजोबांविषयीं एवढेंच सांगितलें जातें : ते पलटणींत होते, बसऱ्यास गेले, परत आले नाहींत. त्यापूर्वीं बसरा हें नांव महाराष्ट्रांत ठाऊक होतें तें मोत्यांमुळें. १९१४ नंतर मात्र घराघरांत त्या नांवाचा अर्थ पालटला. असा मनुष्य नेमका कोठें व कसा मेला, हें शंभर वर्षांनंतरहि पुष्कळदां काढतां येतें. फक्त आरंभ योग्य जागीं झाला पाहिजे.

पुष्कळ वारस प्रथम दिल्लीच्या इंडिया गेटकडे वळतात. १९३१ सालीं उद्घाटन झालेल्या या कमानीवर १३,००० हून अधिक नांवें आहेत खरीं. पण तीं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धांत पडलेल्यांचीं आहेत. बसऱ्याच्या मोहिमेंतील शिपायासाठीं ती जागा नव्हे. त्यापेक्षां घरांतील जुनी पेटी बरी. तिच्या तळाशीं कांशाची गोल थाळी निघाली, तर ती मृताच्या वारसांस सरकारनें दिलेली असते. परंतु तिच्यावर नुसतें नांव, हुद्दा नाहीं कीं पलटण नाहीं. खरा उपयोग होतो तो पदकाचा. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं बारीक अक्षरांत उमटविलेलीं असतात. चांदीच्या मोहानें तें पदक सोनाराकडे मोडीस गेलें असेल, तर घराण्याचा सर्वांत विश्वसनीय दाखलाच वितळला असें समजावें.

पलटणीचा आकडा हातीं आला कीं वाट सुटते. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालीं हें सैन्य बगदादवर चालून गेलें, नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफॉन येथें अडलें आणि टायग्रिसच्या वळणांतील कुत-अल-अमारा या गांवीं मागें हटलें. ७ डिसेंबर १९१५ रोजीं वेढा पडला. तो सुमारें पांच महिने चालला. सुटकेस निघालेल्या फौजांना वाट फोडतां आली नाहीं. विमानांतून धान्य टाकण्याचा उद्योग झाला, तोहि अपुरा पडला. गोरे सैनिक घोड्याचें मांस खाऊं लागले तरी हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं एप्रिलपर्यंत तें शिवलें नाहीं. गांवीं परतल्यावर आपल्यास पंगतींत कोण घेईल, ही धास्ती उपासाहून मोठी ठरली, आणि स्कर्व्हीनें त्यांना अधिक घेरलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं. हिंदी कैद्यांस वाळवंटांतून चालवीत नेण्यांत आलें आणि पुष्कळांना रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामास जुंपलें. वाटेंत व तेथें शेंकडों मेले.

११४ असा आकडा निघाला तर हकीकत निराळी : ती पलटण ऑक्टोबर १९१८ मध्यें शरकतच्या लढाईंत होती.

पुढील दुवा बसऱ्याच्या स्मारकाचा. २७ मार्च १९२९ रोजीं उद्घाटन झालेल्या या स्मारकावर, कबर ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्यांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें दगडावर आलीं. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखालीं नुसती संख्या. वॉर ग्रेव्ह्ज कमिशननें २०२१ सालीं अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. तत्पूर्वीं १९९७ मध्यें इराक सरकारनें तें स्मारकच सुमारें ३२ किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्याला हलविलें होतें.

दगडावर जें नाहीं तें कमिशनच्या यादींत आहे. तेथें शिपायांचीं नांवें असून पुष्कळांपुढें बापाचें नांव, गांव व जिल्हाहि दिला आहे. कानीं पडेल तसें इंग्रजींत लिहिलेलें असल्यानें एकच आडनांव तीन-चार प्रकारांनीं शोधावें लागतें. गांवाचें नांव जुळलें तरच ओळख पक्की धरावी.

यादींतील तारखेचें मोल घरच्या मंडळींस विशेष वाटतें. मृत्यूची तिथि ठाऊक नसल्यामुळें अशा माणसाचें श्राद्ध सर्वपित्री अमावास्येस उरकावें लागतें. तारीख मिळाली कीं त्या सालच्या पंचांगांतून तिथि निघते, आणि पितृपंधरवड्यांत त्या पणजोबांचें पान त्यांच्या स्वतःच्या तिथीस वाढतां येतें.